पातूरच्या पाटीवरची दुसरी ओळ

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागले की पातूर येते. तालुक्याचे गाव, नगरपरिषद असलेले. नगरपरिषदेच्या इमारतीवर नावाची पाटी आहे: वर मराठीत नाव, खाली तेच उर्दूत. या खालच्या ओळीवरून सुरू झालेला वाद गावच्या सभेतून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असा चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी तिथे संपला. ओळ राहिली.

त्या निकालावर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक सगळे भाषा आणि धर्म या अंगाने. मी तो वेगळ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा वाचला. पालिकेच्या जनसंपर्क कक्षात बसून मी बरीच वर्षे जाहीर सूचना लिहिल्या, मराठीतून आणि दुसऱ्या भाषेतूनही. पाणी कधी येणार, घरपट्टीची मुदत कधी संपणार, लसीकरण कुठल्या शाळेत आहे, असल्या सूचना. या कामात रोजचा प्रश्न एकच असतो: हे कोणाला कळायला हवे, आणि त्याला कोणती लिपी वाचता येते? पातूर प्रकरणाच्या तळाशी हाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर नगरपरिषदेने कोर्टाची पायरी चढण्याआधीच एका ठरावात लिहून ठेवले होते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वात मोलाचा कागद तोच.

घडले ते असे. पाटीवर उर्दू नको, अशी मागणी नगरपरिषदेच्या एका माजी सदस्येने केली. पालिकेचा कारभार मराठीतच चालला पाहिजे, तेव्हा पाटीवरसुद्धा दुसरी भाषा चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२० मध्ये सभागृहाने बहुमताने ती मागणी नाकारली आणि का नाकारली तेही नोंदवले. नगरपरिषद १९५६ सालापासूनची, आणि तेव्हापासून इथे मराठीबरोबर उर्दूही वापरात आहे. शिवाय गावातल्या बऱ्याच लोकांना उर्दू समजते. त्यानंतर नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली प्रकरण अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांपुढे गेले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी शासकीय कामकाजात मराठीचा शंभर टक्के वापर व्हावा, या आधारावर माजी सदस्येच्या बाजूने आदेश दिला. तो आदेश अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी २०२१ मध्ये रद्द केला आणि उच्च न्यायालयाने आयुक्तांचे म्हणणे उचलून धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच २०२२ चा नवा कायदा आला, मराठीला राज्यातल्या सगळ्या स्थानिक प्राधिकरणांची राजभाषा ठरवणारा. त्या कायद्याच्या उजेडात पुन्हा उच्च न्यायालय झाले. एप्रिल २०२४ मध्ये तिथेही उर्दूची ओळ टिकली, आणि वर्षभराने न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने शेवटचा निकाल दिला.

आता त्या ठरावाकडे येतो.

पालिकेतल्या ठरावांची भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात कारण बहुधा नसतेच. ‘सभेने सर्वानुमते मंजुरी दिली’ एवढे लिहून विषय मिटतो. पाटी रंगवताना तर ठरावही होत नाही. कोणी तरी सांगतो, रंगारी रंगवतो. पुढे कोणी विचारले की ही दुसरी ओळ कोणाच्या आदेशाने, की दप्तरात काही सापडत नाही. मग अधिकारी घाबरतो आणि ओळ पुसून टाकणे त्याला सोपे वाटते. पातूरच्या सभागृहाने आपली बाजू दोन साध्या वाक्यांत मांडली: किती वर्षांपासून चालत आले आहे आणि वाचणारे कोण आहेत. त्यात अस्मितेचा आधार घेतलेला नाही. कोणाच्या भावना दुखावतील असाही मुद्दा नाही. वापर आणि वाचक, एवढेच. पुढे वरच्या न्यायालयाने जे म्हटले ते याच दोन वाक्यांवर उभे आहे. परिसरातल्या लोकांना सेवा देण्यासाठी, त्यांच्या रोजच्या गरजा भागवण्यासाठी नगरपरिषद असते. तिथल्या एखाद्या समूहाला उर्दू परिचयाची असेल तर राजभाषा मराठीच्या जोडीने, किमान फलकावर तरी, उर्दू वापरायला हरकत असू नये, असा त्या निकालाचा आशय आहे. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती एखाद्या समाजाची, प्रदेशाची, लोकांची असते, हेही न्यायालयाने स्पष्ट सांगितले. वर्तमानपत्रांनी हे दुसरे वाक्य उचलले. माझ्यासारख्याने पहिले कापून टेबलाच्या काचेखाली ठेवावे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशातली ‘शंभर टक्के’ ही कल्पना मात्र नीट सोडवून पाहिली पाहिजे, कारण ती चुकीच्या हेतूने आलेली नाही. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाल्यापासून साठ वर्षे मराठीसाठी हाच झगडा चालला आहे. टिपणी इंग्रजीत, निविदा इंग्रजीत, आदेश इंग्रजीत आणि त्याचा कसाबसा मराठी तर्जुमा लोकांच्या माथी, अशा कार्यालयांत मी स्वतः काम केले आहे. मोठ्या महापालिकांत आजही सूचना आधी इंग्रजीत सुचते. त्यामुळे मराठीचा आग्रह धरणाऱ्याला मी कधी हट्टी म्हणणार नाही. पण तो आग्रह कामकाजाच्या भाषेचा आहे. फाइल, ठराव, इतिवृत्त, आदेश, पत्रव्यवहार हे मराठीत झालेच पाहिजे, कारण पालिकेला जाब विचारायचा तो त्याच कागदांवरून. पाटी आणि जाहीर सूचना यांचे काम वेगळे. तिथे पालिका स्वतःशी बोलत नसते, समोरच्याशी बोलत असते. त्याला कळेल असे दुसऱ्या लिपीत पुन्हा एकदा लिहिले, तर मराठीचे एक अक्षरही कमी होत नाही. उच्च न्यायालयानेही २०२२ च्या कायद्याचा अर्थ असाच लावला: कारभार मराठीत हवा, पण फलकावर नावाला आणखी एका भाषेची जोड देण्यास त्यात मनाई नाही.

एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो खोटा नाही. ‘इथल्या मुसलमानांना मराठी येते, मग उर्दू कशाला?’ वऱ्हाडात येते, चांगली येते. बाजारात, शेतात, एसटीत, पालिकेच्या खिडकीवरसुद्धा व्यवहार वऱ्हाडीतच होतो. घंटागाडीच्या भोंग्यावरून सूचना दिली तर सगळ्यांना सारखीच कळते. पण बोललेले कळणे आणि देवनागरीत छापलेला कागद भराभर वाचता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बाईचे शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळेत चौथीपर्यंत झाले, तिला मराठी बोलता येते आणि उर्दू वाचता येते. आणि ती शाळा बहुतेक वेळा कोणाची असते? नगरपालिकेची नाही तर जिल्हा परिषदेची. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, त्यात उर्दू आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे ७५ लाख लोकांनी मातृभाषा उर्दू सांगितली. ज्या संस्थेने त्या चौथी शिकलेल्या बाईला ही लिपी शिकवली, त्याच संस्थेची सूचना तिला त्या लिपीत मिळू नये, हे मला कधीच पटले नाही.

दवंडीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. दवंडी पिटणारा माणूस मोहल्ला बदलला की बोली बदलायचा.

दुसरी ओळ लिहिताना

पाटीवर एकच नाव लिहायचे असते, तरी तिथेसुद्धा निर्णय घ्यावा लागतो. उर्दू वर्तमानपत्रांत नगरपालिकेला ‘बलदिया’ म्हणतात. पण लोक बोलताना ‘नगर परिषद’ किंवा नुसते ‘नगरपालिका’ म्हणतात, घरात उर्दू बोलतानाही. मग पाटीवर काय लिहायचे? मी नेहमी बोलण्यातला शब्द उर्दू लिपीत लिहावा या मताचा. माणूस रिक्षावाल्याला जो शब्द सांगतो, तोच पाटीवर दिसला पाहिजे. घरपट्टीचेही तसेच. अनुवादकाकडे कागद पाठवला की तो ‘जायदाद का महसूल’ असे काही तरी भारदस्त करून आणतो. आमच्या भागातल्या कोणत्याही घरात हा शब्द बोलला जात नाही. तिथे घरपट्टीला घरपट्टी म्हणतात आणि नळपट्टीला नळपट्टी.

गंमत म्हणजे उलट बाजूने पाहिले तर पालिकेची मराठी उर्दूपासून फार लांब नाहीच. मालमत्ता, वसुली, जप्ती, अर्ज, दाखला, नक्कल, मुदत, हद्द, नकाशा, जाहीर, मंजूर, हे सगळे फारसी-अरबीतून आलेले शब्द आपण इतके मुरवून घेतले आहेत की ते काढले तर कर विभागाला एक नोटीस लिहिता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही निकालात अदालत, हलफनामा, पेशी, वकालतनामा ही कोर्टातल्या रोजच्या वापरातली नावे दाखवून हाच मुद्दा मांडला. दोन्ही भाषांत सूचना लिहिणाऱ्याला हा मोठा आधार आहे. सामाईक शब्द निवडले की अर्धी सूचना अनुवादाशिवायच पार पडते. अडचण येते ती आपण ‘मुदत’ सोडून ‘विहित कालावधी’ लिहितो तेव्हा.

खरी कसोटी लागते ती मूळ मराठीची. एकदा पाणीपुरवठा विभागाकडून मसुदा आला: ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामास्तव पाणीपुरवठा अनियमित स्वरूपात होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ उर्दू लिहिणारे मास्तर माझ्याकडे आले आणि विचारू लागले, ‘साहेब, पाणी येणार का नाही येणार?’ मी विभागाला फोन केला. दोन दिवस पाणी बंद राहणार होते, तिसऱ्या दिवशी कमी दाबाने येणार होते. मसुद्यात यातले काहीच नव्हते, आणि मराठी वाचणाऱ्यालाही ते कळले नसते. त्या दिवसापासून मी एक पद्धत ठेवली. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याने प्रश्न विचारला की आधी मराठी दुरुस्त करायची, मग त्याचे उत्तर द्यायचे. माझ्या हातून सुधारलेल्या जवळजवळ सगळ्या मराठी सूचना अशाच सुधारल्या. उर्दूच्या ओळीने मराठीचे नुकसान होते असे म्हणणाऱ्याला मला हे दाखवावेसे वाटते.

वार आणि वेळ यांत चूक झाली तर लोकांचे हाल होतात, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. उर्दूत ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा आणि ‘हफ्ता’ म्हणजे शनिवारही. ‘हफ्ते को पानी नहीं आएगा’ याचा अर्थ छापील उर्दू वाचणारा शनिवार असा घेईल. पण आपल्याकडे बोलण्यात हफ्ता म्हणजे आठवडा किंवा कर्जाचा हप्ता, त्यामुळे ऐकणारा गोंधळतो. आम्ही ‘सनीचर’ लिहायचो आणि पुढे तारीख द्यायचो. ‘कल’ तर कधीच वापरायचा नाही, कारण तो काल आणि उद्या दोन्ही होतो, आणि भिंतीवर डकवलेला कागद चार दिवस तिथेच राहतो.

अंकांचा घोळ याहून मोठा. उर्दू उजवीकडून डावीकडे, अंक डावीकडून उजवीकडे. मराठीत ‘१०-४’ लिहिले की दहा ते चार. उर्दू मजकुरात मधे आडवी रेघ टाकून तेच टंकित केले की संगणक दोन आकड्यांची जागा बदलतो आणि कागदावर डावीकडून पाहणाऱ्याला ‘४-१०’ दिसते; उजवीकडून वाचणाऱ्याला ते दहा ते चारच असते. तारीखही उलटते, वर्ष आधी येते. तपासणारा अधिकारी देवनागरी वाचणारा, त्याला उर्दू येत नाही. तो फक्त आकडे पडताळतो, आणि उलटे दिसले की बरोबर असलेलेही ‘दुरुस्त’ करायला लावतो. आमच्याकडे एका लसीकरणाच्या पत्रकात असेच झाले. वेळ उलटी छापली गेली आणि काही आया दुपारी चारला मुले घेऊन बंद शाळेसमोर उभ्या राहिल्या. पत्रक माझ्या सहीने गेले होते. त्यानंतर उर्दूत रेघ बंद केली: ‘सुबह १० बजे से शाम ४ बजे तक’ असे शब्दांत, आणि महिना नेहमी नावाने.

टंकाविषयीही लिहायला हवे. उर्दू वाचकाला नस्तालिक वळणाची सवय असते. बरीच वर्षे हे काम ‘इनपेज’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होत आले. त्याच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात, म्हणून संकेतस्थळावर मजकूर चढवता येत नाही, त्याचे चित्र करून टाकावे लागते. चित्रातला शब्द शोधून सापडत नाही, अंध वाचकाच्या फोनला वाचून दाखवता येत नाही. मराठीत आपण श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांच्या काळात नेमके हेच भोगले आहे. आता मोफत युनिकोड नस्तालिक टंक मिळतात. फक्त छापखान्यापासून कक्षापर्यंत सगळ्यांनी तेच वापरायचे, एवढे ठरवावे लागते.

आणि मतभेद झाला तर कोणती ओळ खरी? मराठी. याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. प्रत्येक दुसऱ्या भाषेतल्या सूचनेखाली ‘मूळ सूचना मराठीत’ आणि तिचा जावक क्रमांक असायला हवा. त्याने कायद्याची बाजू पक्की राहते आणि माणसाला पुढचा कागद शोधता येतो.

आपण जिथे दुसऱ्या ओळीत असतो

पातूरवर बोलताना मला बेळगाव आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे मराठी माणूस दुसऱ्या ओळीसाठी झगडतो आहे. महापालिकेच्या सभेची नोटीस मराठीत द्या, पाटीवर कन्नडबरोबर मराठीही असू द्या, ही मागणी वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्यासाठी कर्नाटकाच्या १९८१ च्या स्थानिक प्राधिकरण राजभाषा कायद्यातली भाषिक अल्पसंख्याकांविषयीची तरतूद पुढे केली जात आली आहे: लोकसंख्येत किमान १५ टक्के असलेल्यांना त्यांच्या भाषेत कागद मिळावेत. बेळगावच्या मराठी माणसालाही कन्नड बऱ्यापैकी कळते. तरी मागणी रास्त आहे, कारण तो मराठीत वाचतो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापरही शासकीय कामासाठी करता येईल, अशी सोय त्याच कायद्यात ठेवली गेली. तिथल्या मराठी वाचकाला त्या सोयीचे मोल माहीत आहे. बेळगावात जे आपण मागतो ते पातूरमध्ये नाकारायचे, याला मला कोणताही आधार सापडत नाही.

उत्तर प्रदेशात उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा देणारा कायदा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वैध ठरवला होता. पातूरचे प्रकरण त्याहून कितीतरी लहान आहे. इथे कोणी दर्जा मागितलेला नाही, फक्त नाव वाचता यावे एवढेच.

पण तो ‘किमान फलकावर तरी’ हा शब्दप्रयोग मला टोचतो, आणि टोचला पाहिजे असे वाटते. पाटी वाचून माणूस आत येतो. आत खिडक्या आहेत, खिडक्यांवर अर्ज आहेत, अर्ज मराठीत आहेत. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने कोणालाही आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. म्हणजे उर्दूत लिहिलेला तक्रारअर्ज आवक लिपिकाला परत करता येत नाही. प्रत्यक्षात तो ‘मराठीत लिहून आणा’ म्हणतो, आणि दारातला अर्ज लिहून देणारा पैसे घेऊन तो लिहितो. पाटीवर दुसरी ओळ असलेल्या पालिकेने निदान आवक कक्षात उर्दू वाचणारा एक माणूस बसवावा. त्यासाठी नवे पद निर्माण करावे लागत नाही. पालिकेच्या स्वतःच्या उर्दू शाळेतले शिक्षक आठवड्यातून दोन दिवस तासभर आले तरी चालते. आमच्याकडे ते मास्तर असेच येत.

सगळे कागद दोन भाषांत करता येत नाहीत, करूही नयेत. निविदा, इतिवृत्त, सेवाविषयक आदेश यांना उर्दूची गरज नाही. माझ्या हातात असते तर मी आधी तेच कागद घेतले असते ज्यांची मुदत चुकली की माणसाचे कायमचे नुकसान होते. घरपट्टीच्या नव्या आकारणीवर हरकत घेण्याची सूचना. प्रभागाच्या प्रारूप मतदारयादीची सूचना. अतिक्रमणाची नोटीस. आणि सगळ्यांत आधी जन्मनोंदणीची. बाळाच्या जन्मापासून २१ दिवसांत नोंद केली तर शुल्क लागत नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, आणि शाळेत घालायच्या वेळी आईबाप एका दाखल्यासाठी तालुक्याच्या कचेरीत खेटे घालतात. ही सूचना चार ओळींची आहे. ती मराठीत आणि खाली उर्दूत, पालिकेच्या प्रसूतिगृहात, खाटेवरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लावायची, आणि २१ हा आकडा दोन्ही ओळींत अक्षरीही लिहायचा.